तो काफिल्यात असेल, असे समजून



बारा वर्षांच्या एका मुलाची गोष्ट संत लूकने आपल्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात नोंदवून ठेवली आहे. वल्हांडण सण आटोपून नाझरेथची मंडळी येरुशलेमहून परत निघाली. पवित्र मरिया आणि संत योसेफ यांना वाटले, येशू काफिल्यात कुठेतरी असेल, नातेवाइकांबरोबर, ओळखीच्या माणसांबरोबर. अख्ख्या दिवसाची वाट चालून झाली तरी त्यांना पत्ता नव्हता. मग शोधाशोध झाली, मागे फिरणे झाले आणि तीन दिवसांनी तो मंदिरात सापडला. आईने विचारायचे ते विचारले. मुलाने उत्तर दिले. ते उत्तर आईबापांना समजले नाही, असे संत लूक स्पष्ट लिहितो. तरीही ते त्याला घेऊन नाझरेथला गेले आणि घर पुन्हा सुरू झाले.

या प्रसंगात आम्हाला नेहमी एक गोष्ट दिलासा देते. इतके पवित्र आईवडील, आणि त्यांचाही असा समज झाला की मूल जवळच आहे. शुभवर्तमान त्यांना त्याबद्दल एका शब्दानेही दोष देत नाही.

आज आपल्या गावातली मुले काफिल्यातून हरवत नाहीत. ती बाजूच्या खोलीत असतात. दार लोटलेले, दिवा बंद, दाराच्या फटीतून निळसर उजेड. आई स्वयंपाकघरात, वडील नुकतेच लोकलमधून उतरून घरी आलेले, आजी रोजरीची माळ शोधते आहे, आणि सगळ्यांना खात्री आहे की मुलगा घरीच आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात मुलांच्या संगोपनावर एक अख्खे प्रकरण लिहिले. त्यात ते पालकांना विचारतात ते असे: मूल शरीराने कुठे आहे हा खरा प्रश्न नाही, त्याचे मन, त्याच्या इच्छा, त्याची स्वप्ने कुठे आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहे का? सतत पाळत ठेवून हे कळत नाही, असेही ते बजावतात.

आज आम्ही या मुलांपैकी काही विशिष्ट मुलांविषयी लिहिणार आहोत. गेल्या काही काळात मिस्सानंतर पालक थांबतात, इकडेतिकडे बघतात आणि हळू आवाजात सांगतात, “फादर, आमच्या मुलाला डॉक्टरांनी एडीएचडी सांगितलंय.” कुणाला सांगू नका, हेही लगेच पुढे येते. आम्ही कुणाचे नाव सांगणार नाही. परंतु हा शब्द आपल्या धर्मग्रामात कुजबुजीतच राहावा, हे आम्हाला पटत नाही. मधुमेह कुणी कुजबुजत सांगत नाही.

एडीएचडी म्हणजे अवधान टिकवण्यात, हालचाल आवरण्यात आणि मनात आलेली ऊर्मी क्षणभर रोखून धरण्यात येणारी अडचण. काही मुलांमध्ये चंचलता ठळक असते, काहींमध्ये नुसते लक्ष न लागणे, काहींमध्ये दोन्ही. जो मुलगा बाकावरून उठतो, वर्गात मध्येच बोलतो, त्याच्याकडे सर्वांचे लक्ष जाते. पण शेवटच्या बाकावर शांतपणे खिडकीबाहेर बघणारी, वही घरी विसरणारी, अर्धे वाक्य ऐकून अर्धे हरवणारी मुलगी कुणाच्या ध्यानात येत नाही. तिला सगळे ‘आळशी’ म्हणतात आणि काही वर्षांनी तीही स्वतःला तेच म्हणू लागते. मुलींच्या बाबतीत निदान उशिरा होण्याचे हे एक मोठे कारण आहे.

या विकाराच्या नावाचा इतिहासही बोलका आहे. १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांवर व्याख्याने दिली. त्यांची बुद्धी चांगली होती, तरीही त्यांना स्वतःला आवरता येत नव्हते. त्याने या अवस्थेला ‘नैतिक नियंत्रणातील उणीव’ म्हटले. म्हणजे वैद्यकशास्त्रानेही सुरुवात नैतिकतेच्या भाषेत केली. पुढे १९८० मध्ये अवधानाची उणीव हे नाव आले आणि १९८७ मध्ये आजचे एडीएचडी. वैद्यकशास्त्र त्या जुन्या शब्दापासून पुढे सरकले. आपली घरे आणि शाळा मात्र, आणि कधी कधी आपले चर्चसुद्धा, अजून १९०२ मध्येच आहेत. ‘मुद्दाम करतो’, ‘वळण नाही’, ‘आईने लाडावून ठेवलाय’ ही सगळी त्याच जुन्या नावाची मराठी भाषांतरे आहेत.

या विकारात आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा असतो, हे आज चांगले ठाऊक आहे. आईच्या लाडामुळे तो होत नाही, साखर खाल्ल्याने होत नाही, आणि नजर लागूनही होत नाही. शेवटचे मुद्दाम लिहितो आहोत, कारण अशा मुलांना घेऊन कुठल्या कुठल्या प्रार्थनासभांना फिरवणारी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून कुणी मोठमोठ्याने सैतानाला हाकलू लागले, तर त्या चौदा वर्षांच्या पोराला काय वाटत असेल? त्याला वाटते, माझ्यात काहीतरी घाणेरडे आहे. मुलासाठी प्रार्थना अवश्य करा, आम्हीही वेदीवर करतो. पण जुन्या करारातील सिराखच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय एकदा काढून वाचा. वैद्याचा मान राखावा, त्याला देवानेच निर्माण केले आहे आणि औषधेही देवच जमिनीतून उगवतो, असा त्याचा आशय आहे. देवाकडे प्रार्थना करावी आणि मग वैद्याला आपले काम करू द्यावे, असा क्रम तिथे दिला आहे.

आता एक प्रश्न जवळजवळ प्रत्येक पालक विचारतात. “फादर, ह्याला अभ्यासात दहा मिनिटं बसवत नाही, पण मोबाइलवर चार-चार तास हलत नाही. मग लक्ष कसं लागत नाही म्हणायचं?” प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की, अशा मुलाजवळ लक्ष नसते असे नाही. ते हवे तिथे वळवणे आणि हवे तेव्हा काढून घेणे त्याला जड जाते. गणिताच्या उदाहरणाचे फळ सहा महिन्यांनी मार्कांत मिळते. खेळातले फळ दर काही सेकंदांनी मिळते. आवाज होतो, रंग चमकतात, गुण वाढतात. ज्याच्या मनाला लांबचे फळ दिसतच नाही, तो जवळच्या फळाला चिकटून बसतो. वेळेचेही तसेच. ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणणारा मुलगा बहुधा खोटे बोलत नसतो. त्याला पाच मिनिटे आणि पन्नास मिनिटे यांतला फरक आतून जाणवतच नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील संशोधकांनी २००७ साली मुलांच्या मेंदूची चित्रे तपासून प्रसिद्ध केलेले निष्कर्ष आम्हाला फार उपयोगी वाटले. मेंदूचे बाह्य आवरण वयानुसार एका कमाल जाडीपर्यंत पोहोचते. इतर मुलांत हा टप्पा साधारण साडेसात वर्षांच्या सुमारास आला, तर एडीएचडी असलेल्या मुलांत साडेदहाच्या सुमारास. लक्ष आणि नियोजन ज्या पुढच्या भागावर अवलंबून असते, तिथे हा विलंब जास्त होता. मेंदूच्या वाढीचा क्रम तोच होता, वेळ मागे होती. म्हणून पंधरा वर्षांच्या मुलाकडून स्वतःला आवरण्याची अपेक्षा करताना, त्याला मिसरूड फुटले आहे एवढ्यावर जाऊ नये. त्याची उंची पंधराची असते, बुद्धीही पंधराची असते. ब्रेक मात्र कधी कधी बारा वर्षांचे असतात.

आणि अशा मुलाच्या हातात आपण काय दिले आहे? पूर्वी प्रत्येक गोष्टीला शेवट होता. वर्तमानपत्राचे शेवटचे पान यायचे, दूरदर्शनवरचा कार्यक्रम संपायचा, अंधार पडला की मैदानावरचा चेंडू दिसेनासा व्हायचा. २००६ साली एझा रॅस्किन नावाच्या संगणक अभियंत्याने अशी रचना तयार केली की पडद्यावरचे पान संपतच नाही. बोट सरकवत राहावे आणि खालून नवे येत राहावे. पुढे त्याने स्वतःच या शोधाबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होणे हेही त्याच जातीचे. हे सगळे मोठमोठ्या शिकलेल्या माणसांनी पगार घेऊन, विचारपूर्वक बनवले आहे. रस्त्यावरचे सगळे गतिरोधक काढून टाकायचे, मग कमजोर ब्रेकची सायकल तिथे सोडायची, आणि पोरगा धडपडला की त्याच्या पाठीत धपाटा घालायचा, असा हा प्रकार चालला आहे.

मोबाइलमुळे एडीएचडी होतो का? २०१८ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात लॉस एंजेलिसच्या २,५८७ शाळकरी मुलांचा अभ्यास छापून आला. वय पंधरा-सोळा, सुरुवातीला कुणातही ठळक लक्षणे नव्हती. दोन वर्षे त्यांच्याकडे लक्ष ठेवले. जी मुले कोणतेही डिजिटल माध्यम फार वारंवार वापरत नव्हती, त्यांच्यात लक्षणे दिसण्याचे प्रमाण ४.६ टक्के होते. सात प्रकारची माध्यमे वारंवार वापरणाऱ्यांत ९.५ टक्के. म्हणजे संबंध आहे. पण अमुकामुळेच तमुक झाले, असे यातून सिद्ध होत नाही, हे त्या संशोधकांनीच सांगितले. तेव्हा व्हॉट्सॲपवर कुणी ‘मोबाइल सोडा, एडीएचडी गायब’ असे पाठवले तर ते पुढे ढकलू नये. उलटही लक्षात ठेवावे. निदानासाठी लक्षणे बारा वर्षांच्या आधीपासून असावी लागतात आणि घरी, शाळेत अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात. सातवी-आठवीपर्यंत व्यवस्थित असलेले मूल अचानक बिथरले, तर झोप, भीती, उदासी, शाळेतला छळ किंवा फोनवरचे काही प्रकरण यांचा आधी विचार करावा लागतो. रक्त तपासून किंवा स्कॅन काढून हे निदान होत नाही. बालमानसोपचारतज्ज्ञ मुलाशी, पालकांशी बोलून, शाळेचे म्हणणे घेऊन ते करतात. औषध द्यायचे की नाही, तेही त्यांनीच ठरवायचे. आणि दिलेले औषध शेजारणीच्या सांगण्यावरून बंद करायचे नाही. भूक कमी होणे, झोप न लागणे असे काही जाणवले तर ते डॉक्टरांनाच सांगायचे.

आता आमच्या प्रांतातला प्रश्न. अशा मुलाचा दोष किती? तो रागाच्या भरात आईला वेडेवाकडे बोलतो, मोबाइलसाठी खोटे बोलतो, रात्री नको ते पाहतो, वडिलांच्या खात्यातून खेळासाठी पैसे भरतो. हे पाप की आजार?

प्रायश्चित्त संस्कारात ऐकलेले काही आम्ही इथे सांगत नाही, कुठेही सांगणार नाही. पण ख्रिस्तसभेची शिकवण सर्वांसाठी उघडी आहे. कॅटेकिझमच्या १७३५ क्रमांकाच्या परिच्छेदात म्हटले आहे की अज्ञान, अनवधान, भीती, सवय आणि इतर मानसिक किंवा सामाजिक कारणांमुळे कृत्याची जबाबदारी कमी होऊ शकते, कधी पूर्णपणे नाहीशीही होऊ शकते. ‘अनवधान’ हा शब्द तिथे आहे, हे पालकांनी नीट वाचावे. मात्र कमी झालेली जबाबदारी म्हणजे शून्य जबाबदारी असे नेहमी होत नाही. ‘मला एडीएचडी आहे, मी काय करू’ असे म्हणून धाकट्या बहिणीला मारता येणार नाही. हमालाच्या पाठीला दुखापत असली तर त्याच्या डोक्यावरचे पोते अर्धे करतात. त्याला घरी बसवत नाहीत आणि अख्खे पोतेही देत नाहीत. किती ओझे झेपेल ते ठरवणे हेच आईबापांचे, शिक्षकांचे आणि कबुलीजबाब ऐकणाऱ्या धर्मगुरूचे काम आहे. ते दर मुलागणिक वेगळे असते आणि दर सहा महिन्यांनी बदलते. सेमिनरीत आम्हाला तत्त्वज्ञान शिकवताना विवेक हा सर्व सद्गुणांचा सारथी म्हणून शिकवला जाई. घरात एखादे असे मूल असले की त्या शब्दाचा अर्थ पुस्तकाविना कळतो.

प्रार्थनेत लक्ष न लागण्याविषयी तर या मुलांना आम्ही आवर्जून सांगतो की तुम्ही एकटे नाही. संत ऑगस्टीन यांनी आपल्या ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनाच्या दहाव्या भागात कबूल केले आहे की रानातून जाताना सशामागे धावणारा कुत्रा दिसला तर त्यांचे मोठे विचार सुटून मन तिकडे धावते. घरी बसले असता माश्या पकडणारी पालसुद्धा त्यांना खिळवून ठेवते. अविलाची संत तेरेजा प्रार्थनेची मोठी गुरू. तिनेही लिहून ठेवले आहे की कित्येक वर्षे प्रार्थनेत बसल्यावर तिचे कान घड्याळाचे टोले कधी पडतात तिकडे लागलेले असत. आणि संत थॉमस अक्वायनस सांगतात की माणसाचे मन दुर्बलतेमुळे फार वेळ उंचावर राहू शकत नाही. प्रार्थना करायच्या हेतूने जो आला, त्याचे मन नकळत भरकटले तरी प्रार्थनेचे पुण्य बुडत नाही. जाणूनबुजून भरकटणे मात्र वेगळे. तेव्हा मिस्सात चुळबुळ करणाऱ्या मुलाकडे मागे वळून डोळे वटारणाऱ्या आमच्या काही ज्येष्ठ मंडळींना विनंती, की तेवढ्या वेळात आपले मन कुठे होते, तेही तपासावे!

घरात काय करावे, याविषयी थोडे.

सर्वांत आधी झोप. राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलिया संदेष्टा जिवाला कंटाळून झुडपाखाली पडतो. देवदूत येतो, पण उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी ठेवतो, त्याला पुन्हा झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. देवाचे बोलणे नंतर येते. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते, असे झोपेचे वैद्य सांगतात. रात्री दोनपर्यंत जागलेल्या मुलाचे सकाळी लक्ष लागत नाही, याला कोणताही विकार असण्याची गरज नाही; आणि विकार असलाच तर तो जागरणाने दुप्पट दिसतो. म्हणून रात्री फोन झोपायच्या खोलीत नको. चार्जर बाहेरच्या खोलीत, देव्हाऱ्याशेजारी लावा, आणि घरातल्या सर्वांचे फोन तिथे जाऊ द्या. सर्वांचे म्हणजे पप्पांचाही. इथे बहुतेक घरांत गाडी अडते.

दुसरे, नियम भांडणाच्या वेळी करू नयेत. फोन हातातून हिसकावला जात असताना कोणत्याही मुलाला नियम ऐकू येत नाही, या मुलांना तर नाहीच. शांत वेळी, रविवारी दुपारी जेवण झाल्यावर बसावे, मुलालाही बोलू द्यावे आणि थोडेच नियम कागदावर लिहून फ्रिजवर लावावेत. लिहिलेले डोळ्यांसमोर हवे, कारण डोक्यात ठेवलेले या मुलांच्या डोक्यात राहत नाही. ‘थोडा वेळ’ हा शब्द टाळावा. भिंतीवर मोठे घड्याळ लावावे, गजर लावावा. वेळ संपायच्या दहा मिनिटे आधी जवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून सांगावे. स्वयंपाकघरातून मारलेली हाक त्याच्यापर्यंत पोहोचलीच नाही असे समजावे. नियम मोडला तर ठरलेली लहान शिक्षा त्याच दिवशी, आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. महिनाभर फोन जप्त करण्याची घोषणा करणारे वडील तिसऱ्या दिवशी स्वतःच कंटाळून तो परत देतात, हे मुलांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. आणि पाळले तर शाबासकी लगेच, त्याच मिनिटाला. या मुलांना दिवसभरात ‘नको’, ‘थांब’, ‘पुन्हा?’ इतके ऐकावे लागते की शाबासकीची चव ती विसरून जातात.

ज्यांचे वडील आखातात किंवा जहाजावर आहेत, त्यांच्या घरी ही जबाबदारी एकट्या आईवर पडते. अशा वडिलांना आमचे एकच सांगणे आहे: व्हिडिओ कॉलवरची दहा मिनिटे मुलाची झडती घेण्यात घालवू नका. आईने दिवसभरात ते काम केलेले असते. त्या खेळात तो कोणत्या पातळीवर पोहोचला, ते विचारा. विचारून बघा, तो किती बोलतो ते.

तिसरी गोष्ट गंभीर आहे. ज्याला ऊर्मी रोखता येत नाही, तो आधी बटण दाबतो आणि मग विचार करतो. रागात पाठवलेला संदेश, कुणीतरी गोड बोलून मागितलेला फोटो, खेळात भरलेले पैसे. पलीकडे बसलेला भामटा अशाच मुलाची वाट पाहत असतो. फोटो हाती आला की धमक्या सुरू होतात. मूल घरी सांगत नाही, कारण सांगितले तर फोन जाईल आणि मार बसेल. एकट्याने सहन करता करता काही मुले जिवावर उदार होतात. म्हणून प्रत्येक आईबापाने आजच मुलाला शब्द द्यावा: “काहीही झालं, कितीही वाईट झालं, तू येऊन सांगितलंस तर सांगितल्याबद्दल शिक्षा होणार नाही.” आणि वेळ आली की तो शब्द पाळावा. पैसे उकळले गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करता येते. मुलांसाठी १०९८ आहे. मूल किंवा पालक मनाने खचले असतील तर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस आणि विनामूल्य आहे. मराठीतूनही बोलता येते. हे क्रमांक फ्रिजवरच्या त्याच कागदावर लिहून ठेवावेत.

फोन अजिबातच नको, असे आम्ही म्हणत नाही. धर्मग्रामातला एक मुलगा, ज्याच्या वह्या कधी पूर्ण नसतात, त्याने इंटरनेटवर बघून बघून ध्वनिक्षेपकाच्या वायरी जोडायला शिकून घेतले. सणाच्या आदल्या दिवशी चर्चचा माइक बंद पडला, तेव्हा मंडपवाल्याच्या आधी तोच वर चढला होता. अशा मुलाला पडद्यावर जे शिकतो ते हाताने करायला जागा मिळाली तर फोन साधन होतो. जागाच नसली तर तो नुसता आडोसा होतो.

संत कार्लो अक्युतिस यांचा उल्लेख इथे कुणीतरी करणारच. १९९१ साली जन्मलेला आणि २००६ मध्ये अवघ्या पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेलेला हा मुलगा संगणकात रमणारा होता. पवित्र भाकरीच्या चमत्कारांची माहिती त्याने संकेतस्थळावर मांडली आणि ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला संतपद बहाल केले. व्हिडिओ खेळासाठी त्याने स्वतःला आठवड्याला एक तासाची मर्यादा घालून घेतली होती, असे सांगतात. त्याचे चित्र मुलांच्या खोलीत जरूर लावा. पण ‘बघ, कार्लो एक तासच खेळायचा’ असे म्हणत त्याची छडी करू नका. ज्याला स्वतःला मर्यादा घालता येत नाही, त्याला संतांच्या तुलनेने मर्यादा येत नाही. त्याला संतांची मैत्री हवी असते.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाची गोष्ट आपण ऐकली असेल. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. त्याबरोबर घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद करायचे, मुलांनी अभ्यासाला बसायचे, मोठ्यांनीही वाचायचे किंवा एकमेकांशी बोलायचे, आणि दीड तासाने पुन्हा भोंगा वाजायचा. कायदा नाही, दंड नाही. गावाने ठरवले आणि केले. हे वाचून आम्हाला आपल्या आजी-आजोबांची आठवण झाली. सायंकाळची घंटा झाली की शेतातला माणूस हातातले काम थांबवून देवदूताची प्रार्थना म्हणायचा, आणि मग घरात रोजरी. त्या गावाने भोंगा नव्याने बसवला. आपल्याकडे घंटा आधीपासून आहे. एकट्या घराने फोन बाजूला ठेवला तर मुलगा म्हणतो, ‘माझे सगळे मित्र ऑनलाइन आहेत.’ अख्खी आळी ठेवू लागली तर मित्र अंगणात भेटतात. ज्या मुलाला स्वतःच्या आतून थांबता येत नाही, त्याला बाहेरून थांबवणारे काहीतरी हवे, आणि ते सर्वांसाठी सारखे असले तर त्याला अपमान वाटत नाही.

धर्मशिक्षण देणाऱ्या आपल्या शिक्षकांशी आम्ही बोललो आहोत. दृढीकरणाच्या तयारीतून कोणत्याही मुलाला चंचलपणासाठी वगळले जाणार नाही. पंचेचाळीस मिनिटांच्या वर्गाचे तीन तुकडे केले जातील आणि मध्ये मुलांना उठून काहीतरी करायला मिळेल. वेदीसेवकांत, दानपेटी फिरवण्यात, ध्वनिव्यवस्थेत या मुलांना काम दिले जाईल. चुका होतील. धूपदान एखादवेळी हातातून सुटेलही. मंडळींनी हसू नये.

पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर चर्चच्या सभागृहात आठवी ते बारावीच्या मुलांच्या पालकांची बैठक ठेवली आहे. निदान झालेले असो वा नसो, सर्वांनी यावे. म्हणजे कोण कशासाठी आले हे कुणाला कळायचे कारण उरणार नाही. सायंघंटेच्या वेळी फोन बाजूला ठेवायचे की नाही, किती वेळ, कोणत्या आळीपासून सुरुवात, हे तिथे एकत्र ठरवू. वडिलांनी आईला एकटीला पाठवू नये. मुलांना बरोबर आणले तरी चालेल, मागचे मैदान उघडे ठेवू आणि चेंडू आमच्याकडे आहे.